गड नंतर, तारीख आधी: पुण्यातल्या मित्रांनी भटकंती वर्षानुवर्षं चालू कशी ठेवावी

कॉलेजात मित्र भेटावेत म्हणून वेगळं काही करावं लागत नाही. वर्ग एक, कट्टा एक, चहाची टपरी एक. मग नोकरी लागते, लग्न होतं, एकाचं घर हिंजवडीला होतं तर दुसऱ्याचं हडपसरला, आणि "भेटू रे एकदा निवांत" हे वाक्य वर्षभर फोनमध्ये फिरत राहतं. भांडण झालेलं नसतं, प्रेमही आटलेलं नसतं. आपोआप भेटण्याची सोय तेवढी संपलेली असते आणि तिच्या जागी दुसरी सोय कोणी केलेली नसते.

ती सोय कशी करायची, त्याबद्दल हा लेख आहे. मी भटकंतीवर भर देतोय त्याला कारण आहे. पुरुषांची मैत्री बहुतेक वेळा काहीतरी करता करता होते: क्रिकेट खेळताना, मंडळाचा मांडव घालताना, बंद पडलेली गाडी ढकलताना. दोन पुरुषांना समोरासमोर बसवून "बोला आता मोकळेपणानं" म्हटलं की दोघंही गप्प होतात. तेच दोघं गुंजवण्याहून राजगड चढायला लागले की अर्ध्या वाटेत पगारापासून वडिलांच्या आजारपणापर्यंत सगळं निघतं. नजर वाटेवर असते, त्यामुळे बोलणं सोपं जातं.

दुसरं कारण वेळेचं आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोंडओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मित्र व्हायला ९० आणि जवळचा मित्र व्हायला २०० हून जास्त तास सोबत घालवावे लागतात, असं त्यात आढळलं. ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास त्या मानानं फारसे उपयोगी पडत नाहीत, हेही त्यात दिसलं. आता हिशोब करा. पहाटे पाचला पुण्यातून निघून संध्याकाळी सातला परत आलात तर चौदा तास झाले. महिन्यातून एकदा म्हणजे वर्षाला १६८, आणि वर्षातून एक मुक्कामाची सहल धरली की दोनशे ओलांडले. हॉटेलात जेवायला भेटून एवढे तास भरायचे तर किती जेवणं लागतील!

तारीख विचारू नका, ठरवा

"सगळ्यांना जमेल तेव्हा जाऊ" असं ठरलं की कोणालाच जमत नाही. महिन्यातला एक ठरावीक दिवस पक्का करा, दुसरा शनिवार म्हणा किंवा तिसरा रविवार. गटात बँकेतला कोणी असेल तर दुसरा किंवा चौथा शनिवार बरा, कारण सप्टेंबर २०१५ पासून बँकांना त्या दिवशी सुट्टी असते. कोणी पाळीत काम करत असेल, हॉस्पिटलमध्ये असेल, तर त्याचं ड्यूटीचं वेळापत्रक लागण्याआधी त्याला तारीख माहीत हवी. दुकानदार मित्राची सुट्टी आठवड्याच्या मध्येच येते. वर्षातून दोनदा त्याच्या सुट्टीच्या दिवशी बाकीच्यांनी रजा टाकावी. त्याला आपण धरून आहोत हे कळायला तेवढं पुरतं.

जानेवारीत एकदा बसून वर्षभराच्या तारखा लावून टाका. गौरी-गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा आधीच वगळा. आणि त्या तारखा फोनमध्ये ठेवू नका, घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, जिथं दुधाचा हिशोब आणि गॅस कधी लावला ते लिहिलेलं असतं. बायकोला, आईवडिलांना तीन महिने आधी दिसलेली तारीख आणि शुक्रवारी रात्री जेवताना सांगितलेली तारीख यात फार फरक असतो. शिवाय एक देवाणघेवाण उघडपणे ठरवून घ्या: महिन्यातला एक दिवस माझा असेल तर एक दिवस तिचाही असेल, आणि त्या दिवशी मुलांचा डबा, औषधं, शिकवणी सगळं मी बघेन. हे न करता चालू ठेवलेली भटकंती दोन-तीन वर्षांत बंद पडते आणि दोष मात्र बायकोच्या माथी येतो.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: दोघं आले तरी निघायचं. पाचातल्या तिघांनी आयत्या वेळी नाही म्हटलं म्हणून बेत रद्द केला की पुढच्या महिन्यात तोही येत नाही जो आज तयार होता. जो आला नाही त्याला टोमणे मारायचे नाहीत. "आता काय, मोठा माणूस झालास" हे एकदा ऐकलं की तो पुढच्या वेळी लाजेनं फोनच उचलत नाही.

गट चार ते सहा जणांचा असावा. एका गाडीत मावतील एवढेच. माणसं आठ झाली की दोन गाड्या होतात, गाड्या दोन झाल्या की गप्पाही दोन होतात. आणि बोलावणं पाठवण्याचं काम एकाकडे असू द्या. वर्षभर तोच सूत्रधार, पुढच्या वर्षी दुसरा. ग्रुपवर "कोण कोण येतंय?" असं टाकून वाट बघणं म्हणजे बोलावणं नव्हे. फोन करा, नाव घेऊन विचारा, "सव्वापाचला नवले पुलाखाली उभा राहा" असं नेमकं सांगा. माणूस येतो.

आठवड्याची टेकडी

पुण्याला टेकड्या आहेत हे आपलं मोठं नशीब. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती, बाणेर-पाषाणच्या टेकड्या. शहराच्या कुठल्याही भागातल्या दोन मित्रांना अर्ध्या तासात गाठता येईल अशी एक तरी टेकडी असतेच. महिन्याच्या गडाला सगळे असतील, पण टेकडीला दोघं-तिघं पुरतात, जे जवळ राहतात ते. आठवड्यातून एक सकाळ, सव्वासहा ते साडेसात, मग अमृततुल्यमध्ये चहा आणि ज्याच्या त्याच्या ऑफिसला.

टेकडीचा व्यवहारी उपयोग असा की महिन्याच्या गडासाठी शरीर तयार राहतं. पाठीवर पिशवी घ्या, तिच्यात चार-पाच लिटर पाणी भरा, आणि न थांबता दोनदा चढ-उतार करा. चढताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. शब्द तुटायला लागले तर कमी करा. महिनाभरानंतर आतकरवाडीहून सिंहगड चढून बघा. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते. चढ साधारण सहाशे मीटरचा, वाट मळलेली, वर लिंबू सरबत आणि मडक्यातलं दही. तासा-सव्वातासात, गप्पा मारत, दुसऱ्या दिवशी पाय न धरता हा चढ झाला तर सह्याद्रीतले बहुतेक साधे गड तुमच्या आवाक्यात आहेत.

उतारासाठी वेगळी तयारी लागते. चाळिशीत गुडघे चढताना कुरकुरत नाहीत, उतरताना कुरकुरतात. घरी जिन्याच्या एका पायरीवरून एक पाय हळूहळू खाली टेकवत उतरण्याचा व्यायाम दोन्ही पायांनी रोज करा, आणि गडावर जाताना दोन काठ्या घ्या. काठी घेणं म्हातारपणाचं लक्षण आहे असं ज्याला वाटतं त्याला राजगडाच्या चोरदरवाजाच्या वाटेनं उतरून झाल्यावर विचारा.

महिन्याचा गड कसा निवडायचा

एकच निकष: गटातल्या सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला जमेल तोच गड. त्याला मागे ठेवून बाकीचे पुढे गेले तर ती सहल त्याच्यासाठी शिक्षा होते. चालतानाही त्यालाच पुढे ठेवा, गटातला सगळ्यात दमदार माणूस शेवटी. मग कोणी थांबलं तर सगळ्यांनाच थांबावं लागतं, आणि "या ना लवकर" असं वरून ओरडायला कोणी उरत नाही.

ऋतूचं गणित असं. जून ते सप्टेंबर वाटा निसरड्या, ओढे भरलेले. शनिवार-रविवारी लोहगडाला आणि ताम्हिणीला इतकी गर्दी की गाडीतच दिवस जातो. या महिन्यांत तिकोन्यासारखा छोटा गड घ्या, तोही सकाळी लवकर. लोणावळ्याहून राजमाचीचा साधारण पंधरा किलोमीटरचा रस्ताही छान: चढ फार नाही, चालायला भरपूर, गप्पांना भरपूर, आणि उधेवाडीत गरम जेवण. ओढ्याचं पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर ओलांडू नका. धबधब्याखाली उभे राहायचा मोह टाळा, वरून दगड येतात. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणांवर बंदीचे आदेश काढतं. निघण्याच्या आदल्या दिवशी ते बघून घ्या.

सप्टेंबरच्या शेवटी ढग वर जातात, गवत कमरेएवढं असतं आणि फुलं असतात. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत खरा मोसम. राजगड यात पहिला. सातारा रस्त्यानं नसरापूर फाटा, तिथून वेल्ह्याच्या दिशेला मार्गासनी आणि मग गुंजवणे. चोरदरवाजानं पद्मावती माचीवर दोन-अडीच तासांत पोचता. शेवटच्या कातळाला आता रेलिंग आहे, पण पाठीवर मोठी पिशवी असेल तर तिथं एकेकानंच चढा. पाली दरवाजाची वाट लांबची आणि सोपी, गुडघ्यांना मानवणारी. तोरणा १,४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच गड, पायथा वेल्हे. गट मुरला की राजगड ते तोरणा करा: संजीवनी माचीवरून अळू दरवाजानं खाली उतरायचं आणि डोंगरधारेनं तोरण्याच्या बुधला माचीवर चढायचं. सहा ते आठ तास चाल आहे, वाटेत पाण्याचा भरवसा नाही, माणशी चार लिटर न्या. गाडी एका पायथ्याला आणि माणसं दुसऱ्या पायथ्याला अशी अवस्था होते, म्हणून वेल्ह्यात जीपवाल्याशी आधी बोलून ठेवा.

दोन दिवस मिळाले तर हरिश्चंद्रगड. पाचनईची वाट सोपी, खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांब. कोकणकड्यावर काठाशी झोपून खाली बघायचं, उभं राहून नाही. तिथला वारा एकाएकी ढकलतो. राज्यातलं सगळ्यात उंच ठिकाण कळसूबाई, १,६४६ मीटर, बारी गावातून, लोखंडी शिड्या चढत.

मार्च ते मे मध्ये दिवसा चालू नका. कात्रज ते सिंहगड या रात्रीच्या चालीसाठी हे दिवस पुण्यात पूर्वापार ठरलेले आहेत. जुन्या कात्रज बोगद्याजवळच्या वाघजाई मंदिराकडून सुरुवात, मग एकामागून एक टेकड्या, आणि पहाटे सिंहगडाचा रस्ता. पौर्णिमेच्या आसपास जा, वाट माहीत असलेला एक तरी माणूस सोबत घ्या, वन खात्याचे त्या वेळचे नियम आधी विचारा. उतारांवरची माती उन्हाळ्यात सुटी होते, पाय घसरतो, त्यामुळे पक्क्या नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत. वाटेत पाणी नाही.

मुक्काम करायचा असेल तर पायथ्याच्या गावात करा. अनेक गडांवर रात्री राहायला आता परवानगी नाही, आणि गावातल्या घरी राहणं तसंही जास्त सुखाचं: चुलीवरचं पिठलं, तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, ठेचा, अंगणात पथारी. आदल्या दिवशी फोन करून माणसांचा आकडा सांगा आणि पैसे सांगतील तेवढे द्या. घासाघीस करू नका.

दारूबद्दल स्पष्ट सांगतो. गडावर दारू नाही, गडाच्या आदल्या रात्रीही नाही. सकाळी कड्याच्या काठावरून चालायचं असतं, आणि परतीला कोणीतरी गाडी चालवणार असतो. पिऊनच मन मोकळं होतं असं अनेकांना वाटतं. चार तास चढून आलेल्या माणसाला त्याची गरज पडत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

पिशवीत काय, आणि वेळ आली तर काय

प्रत्येकाकडे माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला लावायची बॅटरी, जास्तीचा एक टीशर्ट, गूळ-शेंगदाणे, ओआरएसची दोन पाकिटं. सगळ्यांत मिळून एक प्रथमोपचाराची पिशवी, शिट्टी आणि वीस मीटर दोर. रोजच्या गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत ते निदान दोघांना माहीत हवं. दुपारी एक ही परतीची वेळ ठरवा. एक वाजला की जिथं असाल तिथून मागे फिरायचं, माथा शंभर पावलांवर असला तरी.

आग्या मोहोळाची भीती खरी आहे. गडांवर बुरुजांच्या सांदीत, कड्यांच्या कपारीत पोळी असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा नको. माशा उठल्याच तर तोंड-मान कपड्यानं झाकून लगेच तिथून दूर व्हा. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही. पाय हलवू न देता माणसाला खाली आणायचं, १०८ ला फोन करायचा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. कोणी वाट चुकलं किंवा पडलं तर ११२, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन, जिचा नंबर निघण्याआधीच सगळ्यांच्या फोनमध्ये हवा. ही सगळी मंडळी स्वयंसेवक आहेत, डोंगर जाणणारी. पहिला फोन करायला उशीर लावू नका.

पस्तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा, चाळिशीनंतर डॉक्टरांना विचारून हृदयाचीही तपासणी करून घ्या. सगळ्यांनी एकाच आठवड्यात केली तर कोणी मागे राहत नाही. चढताना छातीत दडपण आलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, गार घाम सुटला, तर "पित्त झालं असेल" म्हणून पुढे जायचं नाही. बसवा, मदत बोलवा, आणि शक्य तेवढे कमी श्रम देत खाली आणा. पुरुष मित्रांसमोर दुखणं लपवतात, म्हणून चढाच्या मध्यावर प्रत्येकाला एकदा नावानं विचारायची सवय ठेवा.

पैसा

मैत्री तुटायचं हे सगळ्यात न बोललं जाणारं कारण. बाविशीत सगळेच कडकी, तेव्हा टीटीएमएम चालून जातं. चाळिशीत एकाचा पगार दुसऱ्याच्या चौपट असतो. तो म्हणतो, "चल ना लडाखला, पन्नास हजारांत होतं," आणि दुसरा म्हणतो, "रजा नाही मिळत." रजेचा प्रश्न नसतो.

यावर भिशीसारखा सोपा उपाय नाही. माणशी महिना एक हजार, पाच जणांचे वर्षाला साठ हजार. सूत्रधाराच्या नावावर ठेवायचे, हिशोब सगळ्यांना दिसेल असा. महिन्याच्या गडाचं पेट्रोल आणि जेवण याच पैशातून, उरलेले मोठ्या सहलीला. मोठ्या सहलीचं ठिकाण भिशीत किती साठले त्यावरून ठरवा, कोणाच्या पगारावरून नाही. हजार जड जात असतील तर सगळ्यांनीच पाचशे भरा. एकानं दुसऱ्याचे पैसे गुपचूप भरणं दिसायला छान असतं, पण घेणाऱ्याला ते पुढच्या प्रत्येक सहलीत बोचतं.

सामानाचंही तसंच. तंबू, दोर, स्टोव्ह, मोठी पिशवी सगळ्यांनी वेगवेगळी घ्यायची गरज नाही. बूट तेवढे ज्याचे त्याचे.

बोलणं कसं सुरू होतं

"काय रे, कसं चाललंय?" "मस्त." इथे बहुतेक पुरुषांचं बोलणं संपतं. दुसरा प्रश्न नेमका विचारा. "वडिलांचं डायलिसिस आता आठवड्यातून किती वेळा?" "मुलगी होस्टेलवर रुळली का?" असं विचारायचं तर मागच्या महिन्यात त्यानं काय सांगितलं होतं ते लक्षात असावं लागतं. घरी आल्यावर दोन ओळी टिपून ठेवल्या तरी चालतं.

जोड्या बदलत चला. सहा जण एका रांगेत चालले की सगळे फक्त विनोद करतात. दोघं-दोघं झाले, मध्ये पन्नास पावलांचं अंतर पडलं की बोलणं खाली उतरतं. आमच्यातला एक मित्र, कायम हसवणारा, पालीच्या वाटेनं उतरताना बुटाची नाडी बांधायला थांबला. मी थांबलो. बाकीचे वळणाआड गेले. नाडी बांधून झाली तरी तो उठला नाही, गवताची काडी सोलत बसला आणि म्हणाला, "नोकरी जाऊन चार महिने झाले. घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो." मी त्याला काही सुचवलं नाही. शेजारी बसलो आणि विचारलं, "मग दिवसभर कुठं असतोस?" पुढचा तासभर तो बोलत होता.

सल्ला द्यायची घाई करू नका, "अरे होईल सगळं नीट" असंही म्हणू नका. विचारा: नुसतं ऐकू, की काही करायला हवंय? डोंगरावर सांगितलेली गोष्ट ग्रुपवर जाता कामा नये, बायकोकडेही नाही, तो स्वतः म्हणेपर्यंत. आणि त्या आठवड्यात एक फोन करा, गड सोडून दुसऱ्या कुठल्या तरी निमित्तानं.

मित्र जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर चेष्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्यानं तो विचार वाढत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्या कोणाला तरी सोबत घ्या, डॉक्टरांकडे नेताना स्वतः बरोबर जा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मराठीतही आहे.

वर्षातली मोठी मोहीम

वर्षातून एकदा असं काहीतरी करा ज्याची तयारी सहा महिने पुरेल. मोहिमेइतकेच तिच्या तयारीचे महिनेही गटाला बांधून ठेवतात: रजेचे अर्ज, तिकिटं, आठवड्याच्या टेकडीवर वाढत जाणारं ओझं.

हिमालयात पहिल्यांदाच जाणार असाल तर केदारकंठा, साधारण ३,८०० मीटर, किंवा हम्प्टा पास, साधारण ४,२७० मीटर. पुण्यातून जुनी ओळखीची झेलम एक्सप्रेस दिल्लीमार्गे जम्मूला जाते. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होतं, तेव्हा त्या दिवशी सकाळी सूत्रधारानं तयार बसावं. गंभीरपणे शिकायचं असेल तर उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था १९६५ पासून शिकवते आहे. पुण्यातही गिरिप्रेमीसारखी संस्था आहे, जिच्या नागरी मोहिमेनं २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठलं. तिशीच्या आत असाल तर गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्ससाठी महिना जरूर काढा. पुढे तेवढा वेळ मिळत नाही.

पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणून उंचीचा नियम पाठ करा: ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबायचं. डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही: अजून वर जायचं नाही. सरळ रेषेत पावलामागे पाऊल टाकता येत नाही, किंवा बसल्या जागी धाप लागते: रात्र असली तरी लगेच खाली. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, सल्फाची ॲलर्जी असेल तर मुळीच नाही.

मोटरसायकलनं मनाली-लेह करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रस्ता सोपा झाला, पण त्यामुळे लोक एका दिवसात फार वर जातात. मनाली दोन हजार मीटरच्या आसपास, वाटेतलं सरचू ४,२०० च्या वर. पहिला मुक्काम जिस्पाला करा, ३,२०० मीटरवर, जमलं तर दोन रात्री. लेहला पोचल्यावर निदान एक पूर्ण दिवस नुसता आराम, मग खारदुंग ला ही खिंड, जी ५,३५९ मीटरवर आहे.

हिमालयच हवा असं काही नाही. कामशेतला पॅराग्लायडिंग शिका, कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करा, सायकलनं कोकण उतरा. सायकलवाल्यांसाठी ब्रेव्हेचा प्रकार गटाला फार मानवतो: दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, शर्यत नाही, क्रमांक नाही, वेळेत पोचलं की झालं.

वय बदलतं तसं

विशीत सगळं करून घ्या, रात्रीच्या एसटीनं जा, स्टँडवर झोपा. तिशी सगळ्यात कठीण: लहान मुलं, घराचा हप्ता, नवी जबाबदारी. या वर्षांत गड अर्ध्या दिवसाचे करा, बारापर्यंत घरी या, पण तारीख मोडू नका. बाळ झालेल्या मित्राला सहा महिने सूट द्या आणि त्या काळात तुम्ही त्याच्या घरी जा, जेवणाचा डबा घेऊन. चाळिशीत आईवडिलांची आजारपणं सुरू होतात, बदल्या होतात. परदेशी गेलेल्या मित्राच्या सुट्टीच्या तारखा कळल्या की त्या महिन्याचा गड तिकडे सरकवा. मुलांना वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, बरोबर न्या, बाकीचे महिने आपले ठेवा. मुलं असली की सगळे बाप होतात, मित्र राहत नाहीत.

पन्नाशीत कोणाचे तरी गुडघे जातात, कोणाला स्टेंट बसतो. त्याला ग्रुपवर फोटो पाठवून चालणार नाही. त्याला बरोबर न्यायचं. सिंहगड यासाठी उत्तम आहे, कारण वरपर्यंत गाडीरस्ता आहे. चालणारे आतकरवाडीहून चढतात, न चालणारा गाडीनं येतो, आणि पुणे दरवाजाच्या अलीकडे सगळे भेटतात. रविवारी उशीर झाला तर घाटात रांग लागते आणि पावसाळ्यात दरडीमुळे रस्ता बंद असू शकतो, म्हणून गाडीवाल्यानं चालणाऱ्यांच्या आधी पोचायचं, कोरडे कपडे गाडीत ठेवायचे आणि वर जाऊन सगळ्यांचं पिठलं-भाकरी सांगून ठेवायचं. पुढच्या महिन्याची तारीखही तिथंच, हात धुवायच्या आत, ठरवून घ्यायची.